थंड हवा आणि गरम डोकं

मागच्या वर्षी मी एक जुनी निसान ३५०झेड घेतली. २००४ सालची. साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन, २८७ हॉर्सपॉवर आणि सीटा दोनच. ("भाजीची पिशवी कुठे ठेवायची?" इति बायको.)

अशी गाडी घेतली की महिन्याभरात एक रोग जडतोच. कोल्ड एअर इनटेक! कंपनीचा एअर बॉक्स काढायचा आणि त्याजागी चकचकीत पाइप न् शंकूसारखा फिल्टर बसवायचा. तीन-चारशे डॉलर आणि एक शनिवार गेला.

कल्पना चुकीची नाही. थंड हवा दाट असते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ५० अंशांच्या हवेत ऑक्सिजन साधारण ८ टक्के कमी. ऑक्सिजन जास्त तर पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त.

पण कंपनीचा बॉक्स मुळात गरम हवा ओढतो का? ऑफिसात कोणी कोड स्लो आहे म्हटलं, की आपण आधी मोजतो, मग हात लावतो. गाडीच्या बाबतीत मात्र आधी क्रेडिट कार्ड! म्हणून मी ओबीडी पोर्टला रीडर लावला आणि सॅन होजेहून १०१ ने गिलरॉयला जाऊन आलो. बाहेर २४ अंश, इनटेकमध्ये २८. म्हणजे जगातला सर्वोत्तम पाइप लावला तरी वाचणार ४ अंश. हिशोब केला तर दीड टक्कासुद्धा नाही, जेमतेम चार हॉर्सपॉवर. फिल्टरचा अडथळा कमी झाल्याचा फायदा वेगळा, पण तोही वरच्या आरपीएमला. ट्रॅफिकमध्ये आकडा ४१ वर गेला खरा, पण सिग्नलला उभं राहून ताकद करायची काय?

माझ्या एका मित्राने मोजलं नाही. सर्वात स्वस्त पाइप मागवला. त्याचा फिल्टर इंजिनच्या शेजारीच उघडा, म्हणजे नाव कोल्ड आणि ओढतो गरम. त्यात पाइपचा व्यास वेगळा. हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मूळ नळीच्या व्यासावर कॅलिब्रेट केलेला असतो. व्यास बदलला की त्याचं गणित चुकतं. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला.

खरा दणका पुढे. कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांची दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी असते, आणि त्यात बॉनेट उघडून बघतातही. इनटेकला एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर नसेल, तर धूर कितीही स्वच्छ असो, नापास. नापास म्हणजे रजिस्ट्रेशन अडलं. मूळ बॉक्स बसवावा, तर तो त्याने कचऱ्यात टाकलेला! दोन शनिवार भंगारवाल्यांकडे फिरलो आम्ही.

तेव्हा माझं मत असं. घ्यायचाच असेल तर चार गोष्टी बघा. आपल्याच मॉडेल-वर्षासाठीचा ऑर्डर नंबर आहे का? सेन्सरच्या जागी व्यास मूळ नळीइतकाच आहे का? फिल्टर इंजिनच्या उष्णतेपासून झाकलेला आहे का? आणि तो फार खाली, बंपरमागे तर नाही ना? खाली असेल तर तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. २६ जुलै २००५ ला मुंबईत पाण्यात गाडी घातलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता कबुली. एवढं सगळं करून मीही इनटेक घेतलाच :) झाकलेला, नंबरवाला. कशासाठी? आवाजासाठी. पाच हजार आरपीएमच्या पुढे हवा ओढतानाचा तो हुंकार.. त्याचे पैसे मोजले मी. हौस म्हणून घ्या ना, कोण अडवतंय? फक्त तिला "परफॉर्मन्स" म्हणून स्वतःला फसवू नका. चार हॉर्सपॉवर शोधणारा माणूस एका इनटेकवर थांबत नाही, पुढे एक्झॉस्ट येतो, मग ट्यूनिंग येतं. हौसेला निदान शेवट असतो.

मूळ बॉक्स मात्र गॅरेजमध्ये आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी जपून ठेवलाय. तुम्हीही ठेवा.