रंगवायचाच तर दिवा रंगवा

जुनं सागवानी टेबल आणि त्यावर मोरपंखी शेडचा दिवा. हा फॉर्म्युला तुमच्याही फीडवर येऊन गेला असेल. त्यात चूक काही नाही. सागवानाचा तपकिरी नारिंगीकडे झुकतो, रंगचक्रावर नारिंगीच्या समोर निळा बसतो, म्हणून जोडी जमते. इथपर्यंत मी तुमच्या बाजूने.

भांडण पुढे आहे. हल्ली तेच टेबल पॉलिश पेपरने खरवडून त्यावर खडूसारखा मॅट पुदिना रंग फासतात, वर पिवळा दिवा, आणि कॅप्शन 'जुन्याला नवं रूप'. अरे, जुनं होतं म्हणूनच घेतलंत ना? ताजा कापलेला सागवान सोनेरी असतो. हवा-उजेडात वर्षानुवर्षं मुरून तो गडद होतो. व्हिंटेज म्हणून तुम्ही पैसे मोजलेत ते या मुरण्याचे, आणि तेच एका दुपारी खरवडून कचऱ्यात टाकलंत. वाळवीपासून राखायला त्याला तुमच्या रंगाची गरजही नाही, त्याचं तेल त्याच्यातच असतं.

'घर आमचं, रंग आमचा.' मान्य. पण लाकूड कुठलं, हे तरी विचारलंत? दुकानदार सांगेल, 'सीपी सागवान'. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. त्या प्रांताचं नावच १९५० मध्ये गेलं, लाकूडबाजारात मात्र ते अजून चालतं. आमचं चंद्रपूर, १९८२ मध्ये त्यातून वेगळं झालेलं गडचिरोली, आलापल्लीचं जंगल, ही नावं टॅगवर येत नाहीत. २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत अयोध्येला गेला, तेव्हा चार दिवस आमचं नाव ऐकू आलं. नंतर पुन्हा 'टीकवूड, रेअर पीस'.

आणि खरा कॉन्ट्रास्ट रंगात नाहीच, तो कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे ग्रामसभेला तो विकता येतो. सागवानाचं इमारती लाकूड त्यात बसत नाही. पिढ्यान् पिढ्या जंगल राखणाऱ्या गावाला त्या जंगलातला दिवा मिळू शकतो, टेबल नाही. दिवाही सहज मिळाला नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, पण वनखात्याचा वाहतूक परवाना नसेल तर बांबू गावाबाहेर नेता येईना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता! शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. गवताच्या काड्यांसाठी एवढा खटाटोप. (हो, बांबू गवतच. वर्गीकरणात अशी चूक आमच्या कोडमध्ये झाली असती तर रात्रीतून पॅच टाकावा लागला असता. इथे दुरुस्ती २०१७ मध्ये झाली, तीही फक्त जंगलाबाहेरच्या बांबूपुरती.)

तर टेबल आहे तसं राहू द्या. पुसा, तेलाचा हात द्या, बस. शेड घ्या बांबूची, बुरडाने विणलेली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूकामाचं सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकलेली माणसं अशा वस्तू करतात. कोरा बांबू सागवानाजवळ फिका वाटेल, म्हणून तो खुशाल निळा रंगवा, मोरपंखी रंगवा. कापलेल्या बेटात बांबू तीन-चार वर्षांत पुन्हा तयार होतो. टेबलाएवढा सागवान व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतात. आणि कॅप्शनमध्ये बांबू कुठल्या गावाचा तेवढं लिहा.