विश्लेषण : 'स्टोरेज फुल' झालेला फोन आणि असोद्याच्या बहिणाबाईंची 'मेमरी'

'स्टोरेज भरले आहे' असा मेसेज आला की आपण काय करतो? गुड मॉर्निंगचे फोटो उडवतो, जुने व्हिडीओ क्लाऊडवर टाकतो आणि निश्चिंत होतो. सगळं कुठेतरी 'सेव्ह' आहे, म्हणजे ते आपल्या लक्षात आहे, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. साठवणं वेगळं आणि लक्षात ठेवणं वेगळं. हा फरक समजून घ्यायला जळगावपासून काही किलोमीटरवर असलेल्या असोद्याइतकं चांगलं गाव नाही.

लिहिता न येणाऱ्या कवयित्रीची गोष्ट

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म 1880 साली असोद्याच्या महाजन कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तिशीतच वैधव्य आलं. शेती, घर आणि मुलं सांभाळताना त्या गाणी रचत राहिल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे रचलेलं सगळं डोक्यातच राहायचं.

मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही गाणी कागदावर उतरवून ठेवली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचत आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी तिचं मोल ओळखलं आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक त्यांच्या प्रस्तावनेसह आलं. जेवढं उतरवलं गेलं तेवढंच महाराष्ट्राला मिळालं. बाकीचं त्यांच्यासोबतच गेलं.

रॅम म्हणजे काय, आणि जात्याशी तिचा काय संबंध?

फोनमध्ये दोन प्रकारची मेमरी असते. फोटो-व्हिडीओ ठेवते ती स्टोरेज. फोन बंद केला तरी त्यातलं काही जात नाही. दुसरी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी. रॅममध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभाराच्या रूपात असतो आणि हा भार सतत गळत असतो. म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत तो पुन्हा वाचून पुन्हा भरावा लागतो. याला 'रिफ्रेश' म्हणतात. रिफ्रेश थांबला की माहिती गेली.

मौखिक परंपरा अशीच चालते. पहाटे जात्यावर बसलेली बाई रोज गायची, म्हणून ओवी टिकायची. शेजारणीने ती उचलली, लेकीने सासरी नेली की आणखी एक प्रत तयार व्हायची. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि रिफ्रेश थांबला.

शब्द विसरू नयेत याचीही सोय या गाण्यांत होती. चरणांना ठरलेला ठेका आणि शेवटी यमक. एखादा शब्द चुकला की ठेका मोडतो, यमक जुळत नाही आणि गाणारीला चूक तिथेच कळते. कॉम्प्युटरमध्ये या कामासाठी 'पॅरिटी बिट' असतो. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या कॉम्प्युटरमध्ये 16 बिटांच्या प्रत्येक शब्दातला एक बिट केवळ चूक पकडण्यासाठी राखलेला होता.

त्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम तर अक्षरशः विणलेला होता. अमेरिकेतल्या कारखान्यात कामगार स्त्रिया चुंबकीय कड्यांमधून तार ओवायच्या. तार कड्यातून गेली तर 1, बाजूने गेली तर 0. अशा 36,864 शब्दांच्या कायमस्वरूपी मेमरीवर माणूस चंद्रावर उतरला. अभियंत्यांची नावं गाजली. विणणाऱ्या बहुतेक हातांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. ओव्या रचणाऱ्या बायकांचंही तेच झालं.

गाणी कशी टिकली?

डेटा सुरक्षित ठेवण्याचा आयटीतला एक साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. बहिणाबाईंच्या बाबतीत हे नकळत घडलं. आधी वही, मग पुस्तक. 1961च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांच्या रचना पडद्यावर आल्या. पुढे यशवंत देव यांच्या संगीतात उत्तरा केळकर यांनी गायलेली गाणी कॅसेटमधून घरोघरी पोहोचली. सुगरणीच्या खोप्यावरची रचना आज अनेकांना पाठ आहे, ती पुस्तक वाचून नव्हे, तर चालीमुळे.

पण खान्देशात बहिणाबाई एकट्या नव्हत्या. त्यांच्या घरात सोपानदेवांसारखा कवी मुलगा होता, म्हणून वही झाली. ज्यांच्या घरात असं कुणी नव्हतं, त्या बायकांचं काय? पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करण्याचं काम उभं केलं. हा संग्रह 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येऊ लागला. असं काम लेवा गणबोलीसाठी आणि अहिराणीसाठी गावपातळीवर व्हायला हवं, आणि ते आत्ताच व्हायला हवं.

टीव्हीवरच्या विनोदाने काय लक्षात ठेवलं?

विनोदही स्मरणावरच चालतो. पहिल्या पाच मिनिटांतला शब्द शेवटी परत आला की प्रेक्षक हसतो, कारण तो त्याच्या लक्षात असतो. 2001 साली सुरू झालेली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर बेतलेली होती. एकाच घरातली माणसं आपापल्या डायरीत तोच संसार वेगवेगळा नोंदवतात, ही त्यातली गंमत. आठवण म्हणजे जसंच्या तसं रेकॉर्डिंग नसतं, हे त्या मालिकेने हसतहसत सांगितलं.

टीव्हीची स्वतःची मेमरी मात्र कच्ची. एके काळी महागड्या टेपा पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. त्यामुळे बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' या लोकप्रिय विनोदी मालिकेचे 1969चे तीन भाग आजही सापडलेले नाहीत. करोडो लोकांना आवडलेली गोष्टही कुणी मुद्दाम जपली नाही तर जाते.

बोलींच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. 'चला हवा येऊ द्या'मधून भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी घराघरात पोहोचली, ही चांगलीच गोष्ट. पण बोली फक्त हशा मिळवण्यापुरती पडद्यावर येऊ लागली, की त्या बोलीत रडणारी, भांडणारी, विचार करणारी माणसं हळूहळू पुसली जातात. बहिणाबाईंनी आपल्या बोलीत संसार, मन, मरण आणि देव यांविषयी सांगितलं. ती बोली 'गावठी' असती तर हे जमलं असतं का?

मग अडचण कुठे आहे?

जावासारख्या भाषांमध्ये 'गार्बेज कलेक्शन' नावाची सोय असते. ज्या गोष्टीकडे प्रोग्रॅममधून कुठलाच संदर्भ जात नाही, ती मेमरीतून आपोआप काढली जाते. शब्दांचंही असंच होतं. बहिणाबाईंची मोटेवर रचना आहे. आज शेतात मोट नाही, पंप आहे. मोट गेली, पाठोपाठ तिच्या भागांची नावं चालली.

फोनही मदतीला येत नाही. 'मले' टाइप केलं की कीबोर्ड अनेकदा 'मला' सुचवतो, 'डोया' लिहिलं की 'डोळा'. त्याला शिकवलेल्या मराठीत ही बोली फारच थोडी आहे. अहिराणी गाणी यूट्यूबवर गाजतात, 'झुमकावाली पोर' वरातीत वाजते आणि त्यातून बोलीला बळही मिळतं. पण दोन ओळींच्या रीलमधून आजीचं शब्दभांडार उतरत नाही.

जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. 2018 मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. दोन्हींचा अभिमान रास्तच आहे. पण ज्या बोलीत त्या बोलल्या, ती घरात मुलांशी बोलायला लाज वाटत असेल, तर नाव पाटीवर राहील आणि गाणं परीक्षेच्या प्रश्नापुरतं.

करता येण्यासारखं काय?

हे काम अवघड नाही. प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. या सुट्टीत आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना लग्नातली, जात्यावरची, शेतातली गाणी म्हणायला सांगा आणि त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. फाइलला गाव, साल आणि गाणारीचं नाव द्या. न कळलेल्या शब्दांचा अर्थ तिच्याकडूनच विचारून घ्या, कारण संदर्भाशिवाय फाइल म्हणजे नुसता आवाज. एक प्रत घरच्या दुसऱ्या कुणाला द्या. विद्यापीठाने आणि शाळांनी अशा फाइली एका जागी गोळा करण्याची जबाबदारी घेतली, तर काही वर्षांत खान्देशचा स्वतःचा संग्रह उभा राहील.

आणि रेकॉर्ड केलेलं गाणं फोनमध्ये पडू देऊ नका. पुढच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, ते कुणीतरी तोंडाने म्हणा. सोपानदेवांकडे वही आणि पेन होतं, तेवढ्यावर त्यांनी आईचं गाणं वाचवलं. आज साधनं कितीतरी जास्त आहेत. आजी मात्र तेवढीच म्हातारी आहे, आणि तिच्या मेमरीचा बॅकअप अजून कुणी घेतलेला नाही.