विश्लेषण : जुलाबाची गोळी अफूच्या कुळातली, मग नशा का होत नाही?

मेसचे जेवण बाधले, सकाळी परीक्षा आहे किंवा रात्रीची बस पकडायची आहे, की कोथरूडमधील विद्यार्थी औषध दुकानात जाऊन ‘पोट थांबवणारी गोळी’ मागतात. पट्टी कापून दोन गोळ्या हातात पडतात. ही गोळी बहुतेकदा लोपेरामाइडची असते. ती मॉर्फिनच्याच, म्हणजे ओपिऑइड गटातील आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

गोळी काम कशी करते?
अतिसारावर अफू देण्याची पद्धत जुनीच. बेल्जियमच्या यान्सेन कंपनीने १९६९ मध्ये लोपेरामाइड तयार केले. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते. त्यांच्यावरील ‘म्यू’ रिसेप्टरवर हे औषध बसते. मग आतड्याची हालचाल मंदावते आणि पाणी शोषायला वेळ मिळतो.

नशा का होत नाही?
औषधाचा बराचसा भाग यकृतातच मोडला जातो. जो उरतो, त्याला मेंदूच्या वेशीवरचे ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ हे पंप बाहेर फेकतात. पण ही सोय ठरलेल्या मात्रेपुरतीच आहे. प्रमाणाबाहेर गोळ्या घेतल्यास हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये दिला होता.

पोटदुखीही थांबते का?
पोटातील वेदनेची वर्दी नेणाऱ्या चेतांवरही ओपिऑइड रिसेप्टर असतात. तिथे औषध बसले, की चेतेची उत्तेजना कमी होते आणि संदेश वाटेतच क्षीण होतो. मेंदूला न छेडता पोटदुखी शमवण्याची कल्पना यातूनच आली. एलक्साडोलिन या औषधाला जुलाबाच्या ‘आयबीएस’साठी अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. मात्र, पित्ताशय काढलेल्या रुग्णांना ते देऊ नये, स्वादुपिंडाला गंभीर सूज येऊ शकते, असे २०१७ मध्ये सांगावे लागले. लोपेरामाइड जुलाब आवरते. पोटदुखीवर त्याचा भरवसा नाही.

मग धोका कुठे?
जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. लोपेरामाइडमुळे ‘जीबीएस’ होत नाही. पण अशा जिवाणूंचा संसर्ग असताना, विशेषतः ताप किंवा शौचातून रक्त असेल तर, ही गोळी घेऊ नये. ती जंतू मारत नाही. उलट आतडे थंडावल्याने जंतू आतच रेंगाळू शकतात. दोन वर्षांखालील मुलांना तर ती देऊच नये.

काय करायला हवे?
गोळी वाईट नाही. साध्या जुलाबात मोठ्या माणसाला ती उपयोगी पडते. चूक आहे ती न विचारता देण्यात आणि न विचारता घेण्यात. पट्टी कापली, की तिच्यावर छापलेली सूचनाही अनेकदा कापली जाते. म्हणून औषध दुकानदाराने दोनच प्रश्न विचारावेत : ताप आहे का? शौचातून रक्त जाते का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर गोळी न देता डॉक्टरकडे पाठवावे. सोबत ‘ओआरएस’चे पाकीट जरूर द्यावे, कारण जुलाबात जीव जातो तो बहुधा शरीरातले पाणी कमी झाल्याने. ते पाणी लोपेरामाइड भरून काढत नाही.