आमदार म्हणजे मोठा नगरसेवक नव्हे

तरुण आमदाराच्या कारकिर्दीचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, या प्रश्नाला महाराष्ट्राच्या सार्वजनिक चर्चेत सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिल्या उत्तरानुसार तारुण्य ही स्वयंसिद्ध पात्रता आहे, कारण नवी पिढी नवे विचार आणि नवा उत्साह घेऊन येते. दुसऱ्या उत्तरानुसार वय गौण असून आमदाराने मतदारसंघात किती रस्ते केले, किती पाणी आणले आणि किती गटारे बांधली हेच पाहावे. म्हणून नगरसेवक, महापौर आणि मग आमदार अशी पायरीपायरीने झालेली चढण हीच खरी तयारी होय. ही दोन्ही उत्तरे सदोष आहेत आणि दोघांच्या दोषाचे मूळ एकच आहे: विधिमंडळ म्हणजे विधी, अर्थात कायदे, करणारे मंडळ, हा शब्दाचा उघड अर्थच त्यांच्या दृष्टीआड झाला आहे.

हा वाद तपासण्यास मीरा-भाईंदरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. येथे १२ जून १९८५ रोजी नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका स्थापन झाली; २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली; आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून शहराला स्वतःच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ मिळाला, तर शहराचा काही भाग ओवळा-माजिवडा मतदारसंघात गेला. तेव्हापासून या जागेवर गिल्बर्ट मेंडोन्सा (२००९), नरेंद्र मेहता (२०१४), गीता जैन (२०१९) आणि पुन्हा मेहता (२०२४) निवडून आले. मेंडोन्सा पूर्वी नगराध्यक्ष होते, मेहता २००२ मध्ये नगरसेवक आणि २००७ मध्ये महापौर झाले, जैन २०१५ ते २०१७ या काळात महापौर होत्या. शेजारच्या ओवळा-माजिवड्यातून २००९ पासून सलग चार वेळा निवडून आलेले प्रताप सरनाईक हेही मूळचे ठाण्याचे नगरसेवक. थोडक्यात, शिडीचा सिद्धांत या शहरात पक्ष कोणताही असो, अपवादाविना अमलात आला आहे.

प्रथम वयाच्या सिद्धांताचा विचार करू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७३ नुसार विधानसभेसाठी किमान वय २५ आणि विधान परिषदेसाठी ३० आहे, तर पालिकेच्या निवडणुकीसाठी २१ वर्षे पुरेशी असतात. ही वये प्रवेशाची अट सांगतात. प्रवेशानंतर काय घडेल याची हमी देत नाहीत. शरद पवार १९६७ मध्ये बारामतीतून २६ व्या वर्षी आमदार झाले आणि १९७८ मध्ये ३७ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, हे उदाहरण वयाच्या समर्थकांकडून नेहमी पुढे केले जाते. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नगरसेवक, १९९७ मध्ये महापौर आणि १९९९ मध्ये आमदार झाले, हे उदाहरण शिडीचे समर्थक आणि वयाचे समर्थक दोघेही आपापल्या बाजूने वापरतात. परंतु लवकर आत येणाऱ्याला अभ्यासासाठी वर्षे अधिक मिळतात, एवढेच यातून सिद्ध होते. ती वर्षे अभ्यासात गेली की सत्कारसमारंभात, हे जन्मतारीख सांगत नाही. फडणवीसांची ओळख अर्थसंकल्पाच्या अभ्यासावर उभी राहिली आणि पुढे त्यांनी त्या विषयावर सामान्य वाचकासाठी पुस्तकही लिहिले; ती ओळख वयातून आलेली नव्हती. २०२४ मध्ये तासगाव-कवठेमहांकाळमधून २५ व्या वर्षी निवडून आलेल्या रोहित पाटील यांच्याविषयीही आज ‘सर्वांत तरुण आमदार’ एवढेच म्हणून थांबणे म्हणजे पुस्तक न उघडता त्याच्या मुखपृष्ठाची समीक्षा करणे होय.

शिडीचा सिद्धांत अधिक बळकट आहे, म्हणून त्याचे खंडनही अधिक काळजीने केले पाहिजे. प्रभागात काम केलेल्या माणसाला लोकांची गाऱ्हाणी ठाऊक असतात, अधिकाऱ्यांची कार्यपद्धती समजते आणि फाईल कोठे अडते याचे ज्ञान होते, हे निर्विवाद आहे. पण त्यावरून आमदाराने तेच काम मोठ्या प्रमाणावर करावे, असा निष्कर्ष काढला जातो तेथे तर्क घसरतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी सेवांच्या अठरा विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत दिली, ती पालिकांना स्वराज्य संस्था म्हणून उभे करण्यासाठी. त्यांच्यावर आमदाराची सावली पाडण्यासाठी नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये मीरा-भाईंदर महापालिकेची मुदत संपल्यानंतर कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे, म्हणजे निवडून न आलेल्या शासकीय अधिकाऱ्याकडे, राहिला, तेव्हा तुंबलेल्या नाल्याची तक्रार घेऊन नागरिकाला आमदाराच्या कार्यालयाखेरीज दुसरे दार उरले नाही. ही परिस्थितीची अगतिकता होती. तिला पदाची व्याख्या समजणे ही चूक आहे. शिवाय राज्यातील प्रत्येक आमदाराला मिळणारा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा आहे. आठ लाखांहून अधिक वस्तीच्या शहराचे रूप एवढ्या निधीतून पालटेल, असे त्याचे कट्टर समर्थकही म्हणणार नाहीत.

याहून महत्त्वाचे असे की, या शहराचे मोठे प्रश्न पालिकेच्या कक्षेत मावतच नाहीत. पिण्याचे पाणी स्टेम प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळाकडून येते. सूर्या प्रकल्पातील ४०३ दशलक्ष लिटर दैनंदिन पाण्यापैकी २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला आणि १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला देण्याची योजना एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, राबवते. दहिसरहून येणारी मेट्रो मार्गिका ९ ही त्याच प्राधिकरणाची आहे, आणि तिच्या कारशेडला राई, मुर्धा, मोर्वा येथील ग्रामस्थांनी केलेल्या विरोधावरचा निर्णयही अखेर राज्य पातळीवरच व्हावा लागला. जमिनीचा प्रश्न तर शंभराहून अधिक वर्षे जुना आहे: ब्रिटिशकालीन भाडेपट्ट्याच्या आधारे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनी येथील विस्तीर्ण क्षेत्रावर हक्क सांगते आणि त्यामुळे गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासात ना-हरकतीचा अडथळा उभा राहतो. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून न देणाऱ्या विकासकावर उपाय म्हणून ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद १९६३ च्या सदनिका कायद्यात नंतर घालण्यात आली, ती विधिमंडळानेच. सभागृहातील एका दुरुस्तीने हजारो सदनिकाधारकांचा प्रश्न ज्या प्रकारे सुटू शकतो, त्या प्रकारे शेकडो भूमिपूजनांनी सुटत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. दहाव्या अनुसूचीने, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने, आमदाराचे मत पक्षादेशाला बांधले आहे, अधिवेशने अल्पकाळ चालतात आणि नवख्याला बोलण्याची संधीच मिळत नाही. मग त्याने सभागृहात करावे तरी काय? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य केली, तरी निष्कर्ष मान्य करता येत नाही. पक्षादेश मतदानाला बांधतो, प्रश्नाला नव्हे. तारांकित प्रश्न, ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात; लक्षवेधी सूचना, जिच्याद्वारे तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधून निवेदन मागता येते; कपात सूचना, जिच्याद्वारे एखाद्या खात्याच्या मागणीवर बोट ठेवता येते; आणि अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला कायद्याचा मसुदा, ही सर्व आयुधे पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्यालाही उपलब्ध आहेत. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांचा माग काढणारी आश्वासन समिती आणि खर्चाची छाननी करणारी लोकलेखा समिती यांच्या बैठका कॅमेऱ्यापुढे होत नाहीत, म्हणूनच तेथे केलेले काम मतदाराला दिसत नाही आणि आमदाराला आकर्षक वाटत नाही.

तरीही सभागृहातील कामानेच सदस्याची ओळख घडते, याचा दाखला महाराष्ट्रात दूर शोधावा लागत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तिचा अनुभव उपयोगी पडला. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांचा दबदबा फलकांवरील छायाचित्रांनी नव्हे, तर दुष्काळी भागाच्या पाण्याचा प्रश्न सभागृहात चिकाटीने मांडत राहिल्याने निर्माण झाला. पागे परिषदेतले आणि सत्तारूढ पक्षाचे, देशमुख विधानसभेतले आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवरचे. तरी दोघांनाही ओळख दिली ती सभागृहानेच.

म्हणून तरुण आमदाराची कसोटी अशी असावी: प्रभागात शिकलेले गाऱ्हाणे त्याने कायद्याच्या, नियमाच्या किंवा अर्थसंकल्पी तरतुदीच्या भाषेत रूपांतरित केले की नाही. पालिकेचा अनुभव या अर्थाने कच्चा माल आहे आणि तारुण्य हे त्यासाठी मिळालेले भांडवल. पक्का माल मात्र सभागृहातच तयार व्हायचा असतो. मीरा-भाईंदरसारख्या महापालिकांचा कारभार ज्यावर चालतो तो १९४९ चा महानगरपालिका अधिनियम बदलण्याचा अधिकार महापौराला नाही, तो विधिमंडळाच्या सदस्यांना आहे. महापौरपद भूषवून आमदार झालेल्याने त्या अधिनियमातील उणिवा सभागृहापुढे मांडल्या नाहीत, तर त्याचा अनुभव शहराच्या फारसा उपयोगी पडला असे म्हणता येत नाही. मीरा-भाईंदरच्या मतदाराने पुढच्या वेळी दारी आलेल्या उमेदवाराला, मग तो पंचविशीचा असो वा साठीचा, नाल्याविषयी जरूर विचारावे. पण त्याआधी मागील पाच वर्षांत किती तारांकित प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे काय मिळाली, हे विचारावे.