लशीनंतर नागीण किंवा जीबीएस: भीती किती खरी?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे, रुग्ण वाढू लागले आणि एक जुना प्रश्न पुन्हा कानावर आला: ‘डॉक्टर, हे करोनाच्या लशीमुळे तर नाही ना?’ नागीण उठलेले रुग्णही हेच विचारतात. या प्रश्नाला नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही.

नागीण: जुनाच विषाणू जागा होतो

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळांशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वाढते वय, आजारपण किंवा काही औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो. मग त्या मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला, जळजळ होते आणि पाणीदार फोड येतात. करोनाच्या लशीत हा विषाणू नसतो. लस त्याला जागे करते का, यावर अभ्यासांचे एकमत नाही. इस्राएलमध्ये फायझरची लस घेतलेल्यांत दर एक लाखामागे सुमारे १६ जास्तीचे रुग्ण आढळले. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात अशी वाढ दिसली नाही.

जीबीएस: प्रतिकारशक्तीचा नेम चुकतो

जीबीएसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. बहुतेकदा त्याआधी जुलाब किंवा सर्दी-तापासारखा संसर्ग होऊन गेलेला असतो. लशीशी असलेला संबंध अत्यंत दुर्मीळ आहे, पण तो नाकारता येत नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर दर एक लाखामागे सुमारे एक जास्तीचा रुग्ण दिसला. आपल्याकडे कोविशील्ड नावाने दिलेल्या लशीबाबत इंग्लंडमधील अभ्यासात दर एक कोटी लोकांमागे ३८ जास्तीचे रुग्ण आढळले. करोना झालेल्यांत मात्र हाच आकडा १४५ होता.

हा धोका लस घेतल्यानंतरच्या साधारण सहा आठवड्यांतला असतो. पुण्यातील रुग्ण त्यानंतर काही वर्षांनी आणि ठरावीक भागात आढळले; लस तर देशभर दिली गेली होती. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. सगळा दोष लशीवर टाकला असता, तर पाणी उकळून पिण्याचा सल्ला कोणी ऐकला असता?

घरच्यांनी काय करावे?

• पायांपासून वर चढणारा अशक्तपणा, मुंग्या, तोंड वाकडे होणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास: त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. जीबीएसचे उपचार लवकर सुरू झाले तर जास्त उपयोगी पडतात.

• नागिणीचे औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झालेले चांगले. डोळ्याजवळ फोड असतील तर नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवा. ‘विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो’ हा गैरसमज आहे. लेप आणि मंत्रात वेळ घालवू नका.

• लस कोणती आणि कधी घेतली, हे डॉक्टरांना सांगा. दुष्परिणामाची शंका असल्यास १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर नोंद करता येते.

• पूर्वी जीबीएस झाला असेल, तर पुढची कोणतीही लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

‘लशीनंतर झाले’ आणि ‘लशीमुळे झाले’ यांत फरक आहे. तो तपासून ठरवता येतो. उपचार मात्र त्यासाठी थांबवू नयेत.