केम ते लंडन

मुंबईहून लंडन सुमारें ७,२०० किलोमीटर. १९४८ च्या जूनमध्यें एअर इंडियाचें पहिलें विमान तिकडे गेलें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें; आज न थांबतां जाणारें विमान सुमारें दहा तास घेतें. म्हणून ‘लंडन दहा तासांवर आलें’ असें आपण घरोघरीं म्हणतों.

परंतु हा हिशेब मुंबईकराचा. कुंकवासाठीं प्रसिद्ध असलेलें करमाळा तालुक्यांतील केम घ्या. तेथून लोहमार्गानें मुंबईच सुमारें साडेतीनशें किलोमीटर. गाडीची वाट पाहणें, विमानतळावर तीन तास आधीं पोंचणें, उतरल्यावरची तपासणी, हें सर्व मिळवितां उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत जवळजवळ पुरा एक दिवस जातो.

त्यांत घड्याळही फसवितें. लंडनचें घड्याळ हिवाळ्यांत आपल्या साडेपांच तास मागें, उन्हाळ्यांत साडेचार. हिवाळ्यांत येथून दुपारीं दोनला निघालेला प्रवासी तेथील सायंकाळीं साडेसहाला उतरतो. नुसती वजाबाकी करणारास प्रवास साडेचार तासांचाच वाटतो! परततांना उंचावरील पश्चिमेचे वारे पाठीशीं असतात, म्हणून वेळ बहुधा तासाभरानें कमी लागतो; घड्याळ मात्र तो वाढवून दाखवितें.

हा हिशेब केवळ कुतूहलाचा नव्हे. वडील माणसांचें दुखणें ‘उगाच काळजी नको’ म्हणून परदेशस्थ मुलापासून लपविण्याची आपली रीत मायेची खरी; पण निरोप उशिरा निघाला, तर तो विलंब कोणतेंही विमान भरून काढीत नाहीं.