आठ फुटांच्या खोलीत पंचावन्न इंच : दोष डोळ्यांचा की टीव्हीचा?

आंब्याचे पैसे हातात आले, किंवा गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी आले, की देवगड तालुक्यातल्या घरांत नवा टीव्ही येतो. हल्ली तो ४३ इंची असतो, बरेचदा ५५ इंची. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठा टीव्ही गळ्यात मारायला दुकानदाराला आणखी एक मुद्दा मिळाला. टीव्ही भिंतीवर चढतो, त्याला जुनाच सेट टॉप बॉक्स जोडला जातो आणि थोड्याच दिवसांत घरातलं कुणीतरी दवाखान्यात येऊन सांगतं, "डॉक्टरांनू, टीव्ही बगताना सगळा धुरकट दिसता. नंबर वाढलो काय?"

तपासावं तर बऱ्याच वेळा नंबर तोच असतो. डोळे चांगले असतात. चुकीचा असतो तो टीव्हीचा आकार. म्हणून आज स्पष्टच लिहितो. तुमच्या घरी साधी डिश किंवा साधी केबल असेल आणि बसायची जागा टीव्हीपासून आठ फुटांवर असेल, तर ५५ इंची टीव्ही घेऊ नका. तो तुम्हाला जास्त दाखवत नाही. जे कमी आहे तेच मोठं करून दाखवतो.

चित्रात मुळात असतं किती?

ज्याला एसडी म्हणतात, त्या साध्या प्रक्षेपणाच्या चित्रात आपल्याकडे वरपासून खालपर्यंत ५७६ ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत ७२० ठिपके. म्हणजे सगळे मिळून सव्वाचार लाखांच्या आत. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली दूरदर्शनची फुकट डिश आज डीडी फ्री डिश म्हणून घरोघरी आहे. तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या अशाच एसडी आहेत.

आता नवा टीव्ही पाहा. फोर-के टीव्हीच्या काचेवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. एसडी चित्राच्या बरोबर वीसपट. आलेल्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात. त्यातला एक खरा, उरलेले एकोणीस टीव्हीने अंदाजाने रंगवलेले. एक वाटी डाळीत वीस वाट्या पाणी घातलं तर आमटी वाढत नाही, पातळ होते. शिवाय डिशवरून पाठवताना चित्र दाबून लहान केलेलं असतं. क्रिकेटचा चेंडू धावला किंवा समुद्राच्या लाटा दाखवल्या की चौकोनी तुकडे दिसतात ते त्यामुळे.

"मग जुन्या डब्यावर चांगलं कसं दिसायचं?" असा प्रश्न हमखास येतो. कारण साधं आहे. जुन्या २१ इंची टीव्हीची चौकट चौकोनी होती, त्यामुळे त्यातल्या चित्राची उंची आजच्या साधारण २६ इंची लांबट टीव्हीएवढी भरते. छोटं चित्र, तेवढंच अंतर, आणि काचेच्या नळीमुळे ओळी एकमेकींत मऊपणे मिसळायच्या. तुमचे डोळे तेव्हा तरुण होते हेही खरं, पण सगळं श्रेय त्यांना देऊ नका.

डोळ्याचं माप आणि खोलीचं माप

डोळे तपासताना आम्ही अक्षरांचा जो तक्ता वाचायला देतो, तो हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केला. त्यामागचं गणित असं, की निरोगी डोळ्याला दोन बारीक गोष्टी वेगळ्या दिसायला त्यांच्यात निदान एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो. त्याहून कमी असेल तर त्या मिसळून एक दिसतात. ६/६ नजर म्हणतात ती हीच.

हेच गणित टीव्हीला लावा. ५७६ ओळींचं चित्र एकसंध दिसायला हवं असेल, तर चित्राच्या उंचीच्या साधारण सहापट लांब बसावं लागतं. आजच्या लांबट टीव्हीसाठी याचं सोपं सूत्र निघतं : बसायचं अंतर फुटांत मोजा आणि त्याला चाराने गुणा. येईल तो आकडा म्हणजे एसडीसाठी टीव्हीचे इंच.

६ फूट अंतर : २४ इंच
८ फूट अंतर : ३२ इंच
१० फूट अंतर : ४० इंच
११ फूट अंतर : ४३ इंच
साडेतेरा ते चौदा फूट अंतर : ५५ इंच

अंतर म्हणजे खोलीची लांबी नव्हे. तुमच्या डोळ्यांपासून टीव्हीच्या काचेपर्यंतचं अंतर. आपल्या माजघरात भिंतीला टेकून बसलात, समोर टीव्ही असला, तर ते सात-आठ फुटांच्या वर क्वचितच जातं. दुकानात मात्र तुम्ही पंधरा फुटांवर उभे असता आणि टीव्हीवर कंपनीने खास बनवलेली फोर-के चित्रफीत चालू असते. तिथलं चित्र आणि तुमच्या घरचं चित्र यांचा काहीही संबंध नाही. खरेदीला जाताना सुतळीने घरचं अंतर मोजून न्या, तेवढ्यावर उभे राहा आणि "तुमच्या घरी येणारी साधी वाहिनी लावा" म्हणून सांगा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

"पण डॉक्टर..."

पहिला आक्षेप : "आम्ही पुढे एचडी घेणार आहोत." घेणार असाल तर हिशोब खरंच बदलतो. एचडीत १०८० ओळी असतात, त्यामुळे जवळजवळ निम्म्या अंतरावरून चित्र स्वच्छ दिसतं. ५५ इंचीसाठी सात-साडेसात फूट पुरतात. पण मग बॉक्स आणि दरमहाचं पॅकेजही एचडी हवं. इंटरनेटवरून पाहणार असाल तर तुमच्या वाडीत रेंज टिकते का ते आधी पाहा, कारण रेंज घसरली की चित्राची प्रतही आपोआप खाली येते. "पुढे कधीतरी" साठी आज डोळे चोळत बसण्यात शहाणपणा नाही.

दुसरा आक्षेप : "आईला कमी दिसतं, म्हणून मोठा घेतला." हा हेतू चांगला आहे, आणि काही रुग्णांसाठी तो अगदी बरोबर आहे. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजलेल्या माणसाला मोठा टीव्ही जवळून पाहणं हाच सोयीचा मार्ग असतो. त्याच्या डोळ्याला ते चौकोनी तुकडे तसेही दिसत नाहीत. त्याला कुणी मागे सरकायला सांगू नये. पण आईला कमी का दिसतं हे तपासलंय का? मोतीबिंदू असेल तर त्याचा उपाय शस्त्रक्रिया आहे, ५५ इंच नव्हे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. टीव्हीसाठी हप्ते भरायचे आणि मोतीबिंदूला "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं, हे मला पटत नाही. माझा राग कुणी मोठा टीव्ही घेतो यावर नाही. मोठ्या टीव्हीमुळे डोळ्यांची तपासणी लांबते, यावर आहे.

तिसरा आक्षेप : "लहान टीव्ही पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही." याला वैद्यकशास्त्रात औषध नाही.

जवळून टीव्ही पाहिल्याने डोळे बिघडतात का?

नाही. ही भीती काही वाऱ्यावर आलेली नाही. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं होतं आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यावर कायदा झाला. पण ते काचेच्या नळीचे टीव्ही होते. आजच्या एलईडी टीव्हीत ती नळीच नाही, त्यामुळे क्ष-किरणही नाहीत.

जवळ बसून चित्र फुटलेलं दिसतं, त्याने डोळ्याला इजा होत नाही. त्रास होतो तो वेगळ्या कारणांनी. टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, वर पंखा चालू असतो, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. टीव्ही दाराच्या वर टांगलेला असेल तर मान वर करून मानेचे स्नायू आखडतात आणि डोकं दुखतं. दोष मात्र "नंबर वाढला" यावर जातो.

आणि टीव्ही बंद करून मुलाच्या हाती मोबाईल देणार असाल तर थांबा. सहा फुटांवरच्या टीव्हीसाठी डोळ्याला अर्ध्या नंबराएवढाच जोर लावावा लागतो. एक फुटावरच्या मोबाईलसाठी तोच जोर तीन नंबरांच्या पुढे जातो. डोळ्यांच्या दृष्टीने या दोघांत टीव्ही बरा. त्याहून बरं म्हणजे रोज दोन तास घराबाहेर, उजेडात खेळणं. लहान वयात चष्मा लागण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, याला आता चांगला आधार आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. घरात कुणाला फिट येत असेल तर मोठ्या टीव्हीजवळ, अंधारात बसू देऊ नका. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेतल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. चित्र नजरेचा जेवढा भाग व्यापेल, तेवढा हा धोका वाढतो. अंतर ठेवणं आणि खोलीत दिवा लावणं हा साधा बचाव आहे.

दोष कुणाचा, हे घरीच कसं ओळखाल?

नेहमीच्या जागेवर, नेहमीचा चष्मा लावून बसा. रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूची अक्षरं टीव्ही स्वतः तयार करतो, ती डिशवरून येत नाहीत. आता एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि सगळ्यांत बारीक अक्षरं वाचा. मग दुसरा डोळा. घरातल्या चांगल्या नजरेच्या माणसालाही त्याच जागेवर बसवून वाचायला लावा.

मेनू स्वच्छ आणि वाहिनी धुरकट असेल, तर दोष चित्राचा किंवा टीव्हीच्या आकाराचा. मेनूही धुरकट, किंवा एका डोळ्याने स्वच्छ आणि दुसऱ्याने नाही, तर डोळे तपासून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं की चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो, म्हणून एकेक डोळा पाहणं महत्त्वाचं. मात्र ही चाचणी जमली म्हणजे डोळे निरोगी, असं समजू नका. काचबिंदूत समोरची नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते. चाळिशीनंतर आणि मधुमेह असेल तर नियमित तपासणी हवीच.

मूल टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसतं, बारीक डोळे करून पाहतं, तर त्याला ओरडून मागे ओढण्याआधी तपासणीला आणा. ज्याची नजर तीक्ष्ण असते त्याला जवळून तुकडे दिसतात. तुकडे दिसत असूनही, किंवा दिसतच नाहीत म्हणून, जे मूल रोज पुढे सरकतं, त्याला कदाचित फळाही दिसत नसेल. शाळेत ते "लक्ष नाही" म्हणून बोलणी खात असेल.

टीव्ही आधीच घेतला असेल तर

बसायची जागा शक्य तेवढी मागे न्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जुन्या चौकोनी कार्यक्रमांसाठी ४:३ निवडा. कडेला काळ्या पट्ट्या येतील, पण माणसं जाडी दिसणार नाहीत. 'शार्पनेस' कमी करा, तो वाढवला की तुकडे जास्त उठून दिसतात. टीव्हीचा मध्य बसल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर यावा. खुर्चीवर बसत असाल तर जमिनीपासून साडेतीन-चार फूट, चटईवर बसत असाल तर अडीच. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आडवं पडून टीव्ही पाहू नका, नजर वाचायच्या भागातून जाते आणि सगळं पुसट दिसतं.

डोळ्यासमोर अचानक पडदा आला, विजेसारखे चमकारे दिसले, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, तर टीव्हीचा विचारच सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बाकीच्यांनी टीव्ही घेण्याआधी सुतळी घ्या, अंतर मोजा, चाराने गुणा. वाचलेल्या पैशांतून घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासून, लागतील त्यांचे चष्मे करून घ्या.